रुचिरा पारितोषिकाची अट

१४ मे २०२५, बुधवार

बारावीचा निकाल आधीच लागला होता, काल दहावीचाही लागला. आज संध्याकाळी मंडळाची सभा झाली. गुणगौरव सोहळा सतरा ऑगस्टला ठरला. माझ्या मुलीच्या, रुचिराच्या नावाच्या पारितोषिकाचं हे दुसरं वर्ष.

अध्यक्ष रामचंद्र नाना म्हणाले, "चंदू, ती अट जरा सैल कर रे. 'आरक्षणाचा कोणताही लाभ न घेतलेल्या, खुल्या गटातील मुलीसाठी', हे असं पत्रिकेत छापलेलं बरं दिसत नाही. आपलं मंडळ ज्ञातीचं, बक्षिसं जातात ती आपल्याच पोरांना. मग वर ही काडी कशाला?"

मी म्हटलं, काडी नाही नाना, तोच तर मुद्दा आहे. माझ्या मुलीची जागा दुसऱ्याने घेतली म्हणून ती गेली. अट राहणार, नाहीतर पारितोषिक बंद.

तेवढ्यात नानांची सून, जी सभेचं टिपण घेते, ती म्हणाली, "काका, राग मानू नका. पण मंडळ स्वतःच जात बघून बक्षीस देतं आणि तुमची अट म्हणते की जात बघून काही देऊ नये. आपलं ठेवायचं झाकून, असं नाही का होत?" मी म्हटलं, आम्ही आमच्या खिशातून देतो, सरकारच्या नाही. चांगलं तोंड बंद केलं तिचं. तरी घरी येईपर्यंत डोक्यात तेच चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, मनातलं रोज लिहीत जा, हलकं वाटेल. मी लिफ्ट दुरुस्तीवाला माणूस. तीस वर्षं लॉगबुक भरलंय: कुठली लिफ्ट, काय बिघाड, काय केलं. म्हणून ही कंपनीची फुकटची डायरी घेतली. पण खरं सांगायचं तर बिघाड काय आहे ते मला माहीत आहे. तो माझ्यात नाही, एवढंच.

१८ मे, रविवार

खालच्या मजल्यावरची दिशा पेढे घेऊन आली. पवईच्या कुठल्याशा कंपनीत सुट्टीपुरतं काम मिळालं म्हणे, शिकता शिकता पगार. माझ्या बायकोने, मालनने पेढा घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पेपर वर धरला.

दिशा आणि रुचिरा. सहावीपासून एक बाक, एक डबा, एक क्लास. बारावीचा अभ्याससुद्धा दोघींनी आमच्याच घरी केला, कारण त्यांच्याकडे माणसं पाच आणि खोली एक. मालन दोघींना एकाच ताटात आंबोळ्या वाढायची. सीईटीला रुचिराला त्र्याण्णव पूर्णांक चार पर्सेंटाइल. दिशाला चौऱ्याऐंशी. दिशा गेली अंधेरीच्या कॉलेजात, आमच्या जोगेश्वरीहून रिक्षाने पंधरा मिनिटं. माझी पोर गेली गावाकडच्या कॉलेजात, पाचशे किलोमीटर. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

निघताना दिशा दाराशी थांबली. "काका, तुमचा पेढा ठेवलाय." मी म्हटलं, "ज्याच्या वाट्याचा आहे त्याला विचारून आणलास का?" तिचं तोंड उतरलं. काहीतरी बोलायला गेली, मालनकडे बघितलं आणि निघून गेली. बोलणार काय? बोलायला आहे काय तिच्याकडे?

पेढ्याला शेवटी मुंग्या लागल्या.

२३ मे, शुक्रवार

मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट सोळाव्या आणि सतराव्याच्या मध्ये अडकली होती. दार उघडलं तर आत एकटी कॉलेजची पोरगी, पाठीला सॅक. घाबरून घामाघूम झालेली. बाहेर काढली तर हसून म्हणाली, "थँक्यू हां अंकल, वाट लागली होती माझी." अगदी रुचीसारखा 'हां'.

मशीनरूममध्ये जाऊन पोटभर रडलो. खाली वॉचमन विचारायला लागला तेव्हा सांगितलं, डोळ्यात ग्रीस गेलं.

१ जून, रविवार

मालनने आज जेवताना काढलंच. "यंदाचं पारितोषिक दिशाच्या हातून देऊया. रुचीची तीच एक जिवाची मैत्रीण."

मी म्हटलं, "अगं, जिच्यामुळे पोर पाचशे किलोमीटर लांब गेली, तिच्या हातून?"

"पोर तापाने गेली," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

हो, तापाने गेली. सप्टेंबर २०२३, दुसरं वर्ष. हॉस्टेलच्या वाटेवर गुडघाभर पाणी, टाचेला जखम, त्यातून लेप्टो. फोनवर म्हणायची, "साधा ताप आहे हो बाबा, कशाला धावपळ करता." मी पोचलो त्या दिवशी तिने ओळखलं. दुसऱ्या दिवशी नाही ओळखलं. तिसऱ्या दिवसाचं मला लिहवत नाही. पण अंधेरीला असती तर त्या पाण्यात तिचा पाय पडला असता का? नसता. एवढी साधी गोष्ट मालनच्या डोक्यात शिरत नाही.

आणि प्रवेशाच्या फॉर्ममध्ये गावाकडचं कॉलेज मी पहिल्या नंबरला टाकलं म्हणून मला कोणी बोलू नये. माझ्या मनाने नव्हतं टाकलं. सुट्टी काढून गावी गेलो, रवळनाथाला रीतसर कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे कळे चिकटवले, गाऱ्हाणं घातलं, अर्धा तास हात जोडून उभा होतो. उजवा कळा पडला, म्हणजे देवाचा होकार. गुरव म्हणाला, "देवान उजवो दिल्यान. आता इचार करू नको." देवाच्या पायाशी राहील, माझ्या भावाचं घर जवळ आहे, यात वाईट काय होतं? आणि अंधेरी दुसऱ्या नंबरला टाकलं होतंच की. पण आपल्यासारख्यांना तिथे जागा उरते कुठे? जो तो सांगत होता, खुल्या गटात त्र्याण्णवला कोणी विचारत नाही. मग पहिलं काय आणि दुसरं काय.

२७ जुलै, रविवार

यंदाच्या पारितोषिकाची मानकरी गंधाली आज वडिलांबरोबर घरी आली. वडील म्हणजे दहिसरचे निलेश, मंडळात माझ्याबरोबर असतात. त्यांचंही इंजिनीअरिंगचंच चाललंय. निलेश म्हणाले, "चंदूशेठ, तुम्ही यातून गेलायत, जरा पोरीचा फॉर्म बघा."

मी म्हटलं, हमखास मिळेल असं कॉलेज पहिल्या नंबरला टाक, बाकीची खाली. गंधाली म्हणाली, "नाही काका, तसं केलं तर फसू. पहिल्या नंबरचं मिळालं की संपलं, सीट तिथेच लॉक. खालची मग बघतसुद्धा नाहीत. जे सगळ्यात हवंय तेच पहिलं टाकायचं, मिळो न मिळो." आणि मोबाइलवर मागच्या वर्षांच्या याद्या बघायला लागली. कुठल्या कॉलेजची कुठली जागा किती पर्सेंटाइलला बंद झाली, सगळं त्यात असतं.

मधेच तिने विचारलं, "काका, रुचिराताईचं किती होतं?" सांगितलं. "मग ताईने अंधेरी का सोडलं?"

"सोडलं? अगं, मिळालंच नाही."

तिने पुन्हा यादीत बघितलं. मग मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. निलेश म्हणाले, काय गं? ती हळू आवाजात म्हणाली, "बावीस सालची यादी आहे. खुल्या गटातली मुलींची शेवटची जागा एक्क्याण्णवला गेलीय."

मी आवाज चढवला. म्हटलं, इंटरनेटवर काय वाट्टेल ते असतं, यादी चुकीची असणार. गंधाली म्हणाली, "असेल काका."

चांगल्या वळणाची मुलगी आहे. पण ते 'असेल काका' माझ्या कानातून जात नाही.

२९ जुलै, मंगळवार

ऑफिसातल्या किरणला सांगून सरकारी साइटवरची यादी छापून घेतली. त्याने विचारलं, तीन वर्षांपूर्वीची कशाला? म्हटलं, मंडळासाठी.

चार वेळा वाचली. पट्टी ठेवून वाचली. अंधेरीचं कॉलेज, खुला गट, मुली, शेवटची जागा: एक्क्याण्णव पूर्णांक दोन. दिशाची ओळ वेगळी, त्यांच्या राखीव जागांची, खाली. रुचीची ओळ वेगळी, वर. या दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध नाही. दिशा जन्मालाच आली नसती तरी रुचीची ओळ तशीच राहिली असती.

तिची जागा होती तिथे. पंधरा मिनिटांवर होती.

लॉगबुकात लिहितात तसं लिहितो. बिघाड: पसंतीक्रम उलटा भरला. कारण: भरणाऱ्याची चूक. भरणारा: मी. दुरुस्ती: होणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पाच दिवस गिळून बसलो होतो. आज सकाळी खाली गेलो. दिशाच्या आईने, शकुने, दार उघडलं. मला बघून पदर सावरला आणि दारातच उभी राहिली. दोन वर्षांत मी त्या दारात गेलो नव्हतो. दिशा आतून म्हणाली, "बसा ना काका." बसलो नाही. कागद तिच्या हातात दिला. म्हटलं, "तुला माहीत होतं?"

तिने कागद वाचलासुद्धा नाही. "जागा जाहीर झाल्या त्याच दिवशी. रुचीनेच दाखवलं, गच्चीवर. आधी खूप रडली. मग म्हणाली, बाबांना कळलं तर ते देवालाही सोडणार नाहीत आणि स्वतःलाही. चार वर्षांचा तर प्रश्न आहे, जाऊन येते. मला शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही."

मी म्हटलं, "आणि मी तुला तोंडाला येईल ते बोलत होतो तेव्हा? ती गेल्यावर तरी सांगायचंस."

"ती असती ना काका, तर हातापाया पडून शपथ सोडवून घेतली असती. आता कोणाकडून सोडवून घेऊ?"

मी माफी मागितली. दिशा रडली नाही. म्हणाली, "मला तुमचा राग आला होता. अजून आहे. मला बोललात ते एक वेळ ठीक, पण आईला जिन्यात म्हणालात, 'तुमचं काय बाबा, तुम्हाला सगळं आयतं.' ती सकाळी पाचला उठून तीन घरचे डबे करते. ते मी नाही विसरणार." शकु म्हणाली, जाऊ दे गं. दिशा म्हणाली, "का जाऊ दे? माझं पर्सेंटाइल काकांना पाठ आहे. मी कुठे बसून अभ्यास केला तेही पाठ असायला पाहिजे, त्यांच्याच घरी बसून केला."

शेवटी मी कौलाचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, सांगितल्याने चूक कमी होईल असं वाटलं असेल. शकु शांतपणे म्हणाली, "भाऊ, माझे सासरे तुमच्या शेजारच्याच गावचे. त्यांना त्या देवळात पायरीच्या वर येऊ देत नव्हते. आम्हाला कधी देवाने उजवं-डावं सांगितलंच नाही. आम्ही जे केलं ते पोरांना विचारून केलं."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

दिशाला म्हटलं, सतरा तारखेला ये, पारितोषिक तुझ्या हातून देऊ. ती म्हणाली, "नको काका. तुमच्या त्या हॉलमध्ये मला कोणी ओळखत नाही. आणि जे ओळखतात ते तुम्ही सांगितलंत तसंच ओळखतात."

५ ऑगस्ट, मंगळवार

आज मालनला सांगितलं. ती खोबरं खवत होती. मी सगळं सांगितलं, यादी, लॉक झालेली सीट, शपथ, सगळं. ती खवणीवरून उठली नाही. हात थांबला तेवढा.

वाटलं होतं रडेल. मारेल, शिव्या घालेल. काहीही चाललं असतं मला. पण ती म्हणाली, "मी तेव्हाही म्हटलं होतं, पोरीला विचारा. तुम्ही देवाला विचारलंत."

आणि परत खवायला लागली. वाटी संपली तरी रिकामी करवंटी खवत होती. मी हात धरायला गेलो, तिने हात काढून घेतला.

खरंय तिचं. फॉर्म भरला तेव्हा रुची स्वयंपाकघरात चहा करत होती. सहा पावलांवर. मी हाक मारून विचारलं नाही. कप आणून तिने माझ्यासमोर ठेवला तोपर्यंत मी बटण दाबून मोकळा झालो होतो. म्हटलं, झालं गं तुझं काम. ती म्हणाली, थँक्यू बाबा.

११ ऑगस्ट, सोमवार

मालन बोलत नाही. जेवायला वाढते, इस्त्रीचे कपडे ठेवते, पण शब्द नाही. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त पंख्याचा.

नानांकडे गेलो. म्हटलं, अट काढा, आणि मला सोहळ्यात दोन शब्द बोलायचेत. नाना म्हणाले, "आता? पत्रिका छापून वाटून झाल्या. तीन महिन्यांपूर्वी मीच म्हणत होतो तर माझ्या अंगावर आलास." मग मी खरं काय ते सांगितलं. नाना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चंदू, झोप येते ना नीट? एकदा गावाला जाऊन ये." मी म्हटलं, नाना, मी ठीक आहे. ते म्हणाले, "हो रे, ठीकच आहेस."

१७ ऑगस्ट, रविवार

हॉल भरला होता. मालन आली नाही. पहिल्या रांगेत बक्षीसवाली पोरं, मागे आईबाप, स्टेजवर रुचीचा फोटो, हार घातलेला. निवेदकाने अटीसकट पारितोषिकाचं नाव वाचलं.

मी माइकपाशी गेलो. कागदावर लिहून नेलं होतं, कारण वाचा जाईल अशी भीती होती. वाचलं ते असं: "माझ्या मुलीची जागा कोणी घेतली नव्हती. अंधेरीला तिची जागा होती. तिला न विचारता फॉर्म मी भरला आणि चुकीचा भरला. आमच्या शेजारच्या मुलीला, दिशाला, मी या स्टेजवरून आणि घरात तीन वर्षं नावं ठेवली. तिने कोणाचं काही घेतलेलं नाही. माझी मुलगी माझ्या चुकीने लांब गेली. ही अट मी आजपासून काढून टाकतो."

सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवायला लागले. मला कळेना टाळ्या कशासाठी.

नानांनी पटकन माइक घेतला. "बापाचं काळीज आहे हो! सगळा दोष स्वतःवर घेतो आहे. आणि मनाचा मोठेपणा बघा, कोणावर आरोप नको म्हणतो. पण मंडळी, आपल्या समाजाने विसरता कामा नये, गुणवत्ता असून आपल्या मुलांवर काय वेळ येते." त्याला आणखी जोरात टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, नाना, तसं नाहीये. माइक त्यांच्या हातात होता.

नंतर जेवणाच्या रांगेत लोक येऊन हात दाबत होते. "फार मोठ्या मनाचे आहात." "पण खरं ते खरंच हो, जीव जातो तो आपल्या पोरांचा." मी प्रत्येकाला सांगत होतो, अहो जागा होती, मी सोडली. ते मान हलवत होते, हो हो म्हणत होते आणि पुढे सरकत होते. देवाची इच्छा, असंही चारपाच जण म्हणाले. एका गंधालीने तसलं काही म्हटलं नाही. ट्रॉफी कडेवर पोर घेतात तशी धरून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मला अंधेरी मिळालं." आणि तिलाच रडू फुटलं. मी म्हटलं, रडू नको बाळा, चांगलं झालं. मनापासून म्हटलं, आणि तेवढंच माझ्याने झालं.

घरी आलो. मालन खुर्चीत बसली होती. बारा दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"ऐकलं लोकांनी?"

"नाही गं. टाळ्या वाजवल्या."

तिने उठून पाणी आणून दिलं. माझं पिऊन होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं खोटं सांगत होतात ते बरं एका दमात ऐकलं सगळ्यांनी. आता तीन वर्षं हे सांगा. एकेकाच्या घरी जाऊन सांगा. मी येते बरोबर."

म्हटलं, येशील? ती म्हणाली, "माझी पण पोर होती."

उद्या कामावरून लवकर सुटून निघायचं ठरलं, पहिलं घर नानांचं. ते चहा देतील, पाठीवर हात ठेवतील, गावाला जाऊन ये म्हणतील. आपली पोर आपल्या चुकीने गेली हे लोकांना पटवत दारोदार फिरायचं, एवढं एकच काम बाप म्हणून माझ्याकडे उरलंय. आणि ते कोणाला पटत नाही.